रेशमासारखं डिझेल

गुरुवारी सकाळी कानसेनने गाडी सुरू केली आणि गाडी त्याच्याशी बोललीच नाही.

तशी ती सुरू झाली. काटे हलले, दिवे लागले, पहिला गियर लोण्यात सुरी जावी तसा पडला. पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर छातीत जे घुमायचं, ते घुमलं नाही. कानसेनने काच खाली केली, वर केली, रेडिओ बंद असल्याची खात्री केली. गल्लीच्या टोकापर्यंत दुसऱ्या गियरमध्येच ताणून पाहिली. शून्य. लाल रंगाची, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, सहा गियरची ती गाडी एखाद्या नव्या सुनेसारखी खालमानेने चालत होती.

कानसेनचं औषधांचं दुकान होतं, पण दुकान हा त्याचा उद्योग आणि गाड्या हा धर्म. नाव त्याला मित्रांनी ठेवलं होतं, आणि ते त्याने पदवीसारखं मिरवलं होतं. रस्त्यावरून गाडी गेली की तो पाठमोरा उभा राहून सांगायचा, "चार सिलिंडर, पेट्रोल, एअर फिल्टर बदलायला झालाय." खरं-खोटं करायला गाडीवाला थांबलेला नसायचा, त्यामुळे कानसेन सहसा बरोबरच असायचा. ही लाल गाडीसुद्धा त्याने कानांनी विकत घेतली होती. शोरूममधला विक्रेता पडद्यावरची एकेक सोय दाखवत होता, तेव्हा हा डोळे मिटून इंजिन ऐकत बसला होता. शेवटी डोळे उघडून म्हणाला होता, "बास. हीच." गाडीबरोबर आलेलं पुस्तक अजून प्लॅस्टिकमध्येच होतं. ज्याला गाडी ऐकता येते त्याने वाचायचं कशाला, असा त्याचा सवाल होता.

दुपारी त्याने दंतवैद्याला बोलावलं. दंतवैद्य म्हणजे दर रविवारी जमणाऱ्या गाडीवेड्यांच्या रविवार मंडळातला त्याचा सगळ्यात जवळचा मित्र आणि सगळ्यात जुना विरोधक. त्याच्याकडे डबल क्लचची ऑटोमॅटिक गाडी होती आणि ती घेतल्यापासून मॅन्युअलवाल्यांबद्दल त्याला दया वाटायची.

"पिकअप गेलाय," कानसेन म्हणाला. आवाज गेलाय असं म्हणवेना. ते फार खाजगी होतं.

दंतवैद्याने गाडी हमरस्त्यावर काढली, तिसऱ्यात दाबली आणि समाधानाने मान हलवली. "क्लच सरकतोय. आरपीएम वर जातायत, गाडी जाग्यावर. साफ जाणवतंय."

"मला नाही जाणवलं."

"तुला कसं जाणवेल? तुमचं मॅन्युअलवाल्यांचं प्रेम आंधळं असतं. तरी घेतानाच सांगितलं होतं. माझा गिअरबॉक्स पापणी लवायच्या आत गियर बदलतो."

"मग तू गाडीत बसून काय करतोस?"

"मी चालवतो."

"तू बसतोस. चालवते ती."

हे भांडण त्यांना इतकं पाठ होतं की दोघांनाही त्यात विश्रांती मिळायची. ते उरकून दोघं उस्तादच्या गॅरेजवर गेले.

उस्ताद हा मंडळाचा हक्काचा मेकॅनिक. त्याचीही मतं कमी नव्हती, फक्त ती तो पाने-पक्कड हातात घेऊन मांडायचा. त्याने गाडीला तपासणीचं मशीन जोडलं. मशीन म्हणालं, गाडी ठणठणीत आहे. उस्तादने मशीनकडे तुच्छतेने पाहिलं.

"मशीनला काय कळतंय," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेब म्हणतायत क्लच, तर क्लच."

"अरे, पण ते दातांचे डॉक्टर," कानसेन क्षीणपणे म्हणाला.

"हाताला अंदाज असतो ना पण."

क्लच बदलला. नवा क्लच पायाला घट्ट, झकास लागत होता. दंतवैद्य शेजारी बसला आणि म्हणाला, "बघ, कशी उडतेय." गाडी उडत असेल, पण मुकी उडत होती. कानसेनने दंतवैद्याला दवाखान्याशी उतरवलं आणि गाडी वळवली. कारण आता उरला एकच माणूस, आणि त्याचा निकाल म्हणजे शेवटचा निकाल.

तो माणूस म्हणजे डिझेलकाका. काकांनी उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढलं होतं. दोन मजली उंच इंजिनं त्यांनी नुसत्या ऐकण्यावर सांभाळली होती. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मुठीला कान लावायचा आणि आतला कुठला भाग कुरकुरतोय ते सांगायचं, ही विद्या कानसेनला त्यांनीच दिली होती. आवाजावरून गाडी ओळखायच्या मंडळाच्या स्पर्धेत पूर्वी काकाच जिंकत. मग एका वर्षी त्यांनी कानसेनच्या पाठीवर थाप मारली, "आता तू," म्हणाले, आणि स्वतः परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसले. तो दिवस आठवला की कानसेनची मान आजही ताठ व्हायची.

काका पेट्रोलला इंजिन मानत नसत. त्यांची स्वतःची गाडी मुलांच्या वयाची होती, डिझेल, आणि ती आली की दोन गल्ल्या आधी कळायचं. पत्र्याच्या डब्यात खडी हलवावी तसा तिचा आवाज. काका मात्र दर रविवारी अभिमानाने सांगायचे, "वर्षागणिक मऊ होत चाललंय. रेशमासारखं चालतं. याला म्हणतात इंजिन." मंडळी हसायची. आपल्या गाडीचं कौतुक करायला कुणाला बंदी नव्हती. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी काका बाजूला व्हायचे नाहीत, त्याचंही मंडळात कौतुकच होतं. याला म्हणतात रुबाब, असं सगळे म्हणत.

काका लाल गाडीत बसले. कानसेनने गाडी चढावर घातली आणि इंजिन पार लाल रेषेपर्यंत नेलं.

"काय वाटतं, काका? आवाजात फरक?" तो जरा ओरडूनच म्हणाला. काकांशी सगळे जरा ओरडूनच बोलत. जहाजावरची सवय, दुसरं काय.

काकांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. "काही फरक नाही. आधी होता तसाच आहे."

"नक्की?"

"अरे, मी सांगतोय ना."

कानसेनने गाडी कडेला घेतली. डिझेलकाका म्हणतात आवाज तसाच आहे. म्हणजे आवाज तसाच आहे. म्हणजे बिघाड गाडीत नाही. तो कुठे आहे हे कळायला उस्तादची गरज नव्हती. कानसेनने आरशात आपल्या दोन्ही कानांकडे पाहिलं. बाहेरून तरी ते पूर्वीसारखेच दिसत होते.

आणि पुढच्या रविवारी स्पर्धा होती. डोळे बांधून खुर्चीवर बसायचं, मागे एकेक गाडी सुरू होणार, आणि नुसत्या आवाजावरून गाडी, इंजिन आणि गिअरबॉक्स ओळखायचा. इतकी वर्षं कानसेनला त्यात कुणी हरवलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं आणि हा त्याला दोनदा "काय म्हणालात?" विचारत होता. ऐकू आलं होतं, पण विश्वास उरला नव्हता.

तो गुपचूप कानांच्या डॉक्टरकडे गेला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या. तिथे त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो बटणावर अंगठा रोखून बसला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा वर केला.

"तक्रार काय म्हणालात?"

"कमी ऐकू येतं."

"तुमच्या वयात इतके चांगले कान मी पाहिलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "हे फ्रेम करून लावा."

एरवी त्याने खरंच फ्रेम करून लावलं असतं. पण आता तर कोडं आणखीच अवघड झालं होतं. कान ठणठणीत, गाडी ठणठणीत, काका म्हणतात फरक नाही, आणि आवाज तर नाही. राहता राहिलं डोकं.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासत होती. कानसेन समोर येऊन बसला.

"गाडी विकावी म्हणतोय."

बायकोने लाल पेन थांबवलं. हा माणूस एक वेळ दुकान विकेल, गाडी नाही, हे तिला ठाऊक होतं. "का?"

"आता ती बोलत नाही माझ्याशी."

"म्हणजे?"

"म्हणजे..." त्याला शब्द सापडेना. मग त्याने घशातून तो आवाज काढून दाखवला. खालच्या पट्टीतून सुरू होणारा, चौथ्यात घुमणारा, ॲक्सिलरेटर सोडताना किंचित गुरगुरणारा. मन लावून काढला. "हे गेलं."

"ते होय," बायको म्हणाली आणि पुन्हा पेन उचललं. "ते मी बंद केलं."

"काय बंद केलंस?"

"तो आवाज. बुधवारी गाडी मी नेली होती, वाटेत आईचा फोन आला. गुडघ्याचं सांगत होती आणि मला एक अक्षर कळेना. मग त्या पडद्यावर शोधलं, तर त्यात बटणच होतं. इंजिनाचा आवाज, चालू किंवा बंद. केला बंद."

"इंजिनचा आवाज बंद करता येत नाही," कानसेन समजुतीच्या स्वरात म्हणाला. "ते इंजिन आहे."

"इंजिनचा नाही रे. स्पीकरचा."

ती त्याला खाली घेऊन गेली. गाडीत बसून तिने पडद्यावर दोन-तीनदा बोट फिरवलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी घुमली. कानसेनच्या अंगावर काटा आला. तिने पुन्हा बोट टेकवलं. गाडी गप्प. पुन्हा टेकवलं. घुमली. त्याने दाराच्या स्पीकरवर तळहात ठेवला. तळहाताखाली तो थरथरत होता.

"म्हणजे इतके दिवस तू गाणंच ऐकत होतास की," बायको म्हणाली. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.

बायको उत्तरपत्रिकांकडे परत गेली, कानसेन गाडीतच राहिला. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. चार गाड्या नाकारून त्याने एक स्पीकर निवडला होता. क्लचही बदलून घेतला होता. हे दंतवैद्याला कळलं तर प्रत्येक रुग्ण तोंड उघडून बसला असताना तो ही गोष्ट सांगणार. रविवार मंडळात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

मग त्याला दुसरंच काहीतरी आठवलं, आणि लाज कुठल्या कुठे गेली. आवाज खरोखर गेला होता. भला मोठा, छाती हादरवणारा आवाज. तो गेला, आणि काका म्हणाले, काही फरक नाही.

मग वर्षागणिक मऊ होत गेलेलं ते डिझेल आठवलं. मागच्या हॉर्नला दाद न देणं आठवलं. आणि "आता तू," म्हणून पाठीवर मारलेली थापसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो काकांकडे गेला. काका अंगणात त्यांच्या गाडीचं बॉनेट पुसत होते. सरळ सांगावं तर काकांनी त्याला हाकलला असता. ज्या कानांवर जहाजं समुद्रापार गेली त्यांच्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत? पण हा माणूस रोज रस्त्यावर गाडी काढत होता, आणि मागून काय येतंय ते त्याला कळत नव्हतं. कानसेनला भीती वाटली, आणि मग त्याने आपली अब्रू आधी पुढे केली.

"काका, मी कान तपासून आलो."

"तू? तुला काय धाड भरलीय?"

"गाडीचा आवाज गेला असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात फरक नाही. मग मला वाटलं, माझेच कान गेले."

"मग?"

"कान चांगले निघाले. आवाज खरंच गेला होता." "स्पीकरमधला होता, काका. गाडीत स्पीकर असतो. बायकोने बंद केला होता."

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू मोठं हसू पसरलं. "स्पीकर. पेट्रोलवाले तुम्ही. तरी मी सांगत होतो..." आणि तिथेच ते थांबले. पुसायचं फडकं बॉनेटवर तसंच राहिलं. इंजिनखोलीतला माणूस, बिघाड शोधायला त्याला वेळ लागत नाही.

"म्हणजे आवाज खरंच गेला होता," ते म्हणाले.

"हो."

"आणि मला कळलं नाही."

काकांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कुणाला बोललास?"

"कुणाला बोलणार? तुमचं सांगायचं तर स्पीकरचंही सांगावं लागेल."

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "बरा अडकलायस," ते म्हणाले. "चल. कुठला डॉक्टर तो?"

स्पर्धेच्या रविवारी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या आवारात मंडळ जमलं. काका आपल्या गाडीतून आले, कानांवरून खाली ओढलेली टोपी घालून. कानयंत्र आदल्या संध्याकाळीच मिळालं होतं आणि ते त्यांनी खिशातून आणलं होतं. बॅटरी उगाच कशाला जाळायची, असं त्यांचं म्हणणं. आवारात एका भिंतीआड जाऊन त्यांनी ते चढवलं आणि येऊन जाहीर केलं, "या वर्षी मीपण बसणार."

मंडळात खळबळ उडाली. दंतवैद्याने परीक्षकाची खुर्ची आनंदाने घेतली. त्या आठवड्यात तो फार खुशीत होता. लाल गाडी पुन्हा घुमायला लागली होती आणि तो भेटेल त्याला सांगत होता, "मी म्हणालो होतो, क्लच." कानसेनने ते विषासारखं पचवलं होतं. त्यात गाड्या कमी आल्या होत्या, म्हणून स्पर्धकांच्या गाड्याही घ्यायच्या ठरल्या. काका आणि कानसेन, दोघांचे डोळे बांधले. उस्ताद एकेक गाडी मागे आणून सुरू करू लागला.

आणि मग मंडळींनी जे पाहिलं त्याबद्दल ते अजून बोलतात. काका सुटले होते. "तीन सिलिंडर. ऑटोमॅटिक. बेल्ट सैल आहे." बरोबर. "सहा सिलिंडर, टर्बो नाही, आणि याला मॅन्युअल आहे, गियर टाकताना खट्ट झालं." बरोबर. कानसेनही चुकत नव्हता, पण दर दुसऱ्या गाडीला तो तोंड उघडायच्या आत काकांचं उत्तर आलेलं असायचं. काका पुढे झुकून, ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होते. बऱ्याच वर्षांनी घरी आलेल्या माणसासारखे.

मग एक गाडी आली. साधा, हलका, नेमस्त आवाज. ना घुमणं, ना गुरगुरणं. पट्टीखाली कानसेन हसला. सगळा आठवडा तो रोज सकाळी फुटपाथवर उभा राहून बायकोला गाडी सुरू करायला लावत होता. स्पीकरचं गाणं आतल्या आत राहायचं; बाहेर यायचा तो हा तिचा खरा आवाज होता, मुळातला, आणि तो त्याला आवडायला लागला होता.

"दोन लिटर, टर्बो पेट्रोल, सहा गियर," तो काकांच्या आधी म्हणाला. "माझी."

टाळ्या पडल्या. आता दोघं बरोबरीत होते आणि शेवटची गाडी राहिली होती.

ती सुरू झाली तेव्हा गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मंडळी गालातल्या गालात हसू लागली, कारण हे उत्तर कुणालाही देता आलं असतं. कानसेनही देऊ शकला असता. पण काकांनी यंत्र इथे पोचल्यावरच चढवलंय हे त्याला आठवलं, आणि उत्तर तोंडातच राहिलं.

काकांनी तोंड वेडंवाकडं केलं. हात टोपीकडे जाता जाता थांबला. "हे काय आणलंय रे?" ते म्हणाले. "डिझेल आहे, पण कुठल्या जन्माचं? नोझल गेलंय. टॅपेट वाजतायत. इंजिनाचे पाय ढिले झालेत. आणि हे खटारं घेऊन लोकांच्यात यायचं? मालकाला लाज वाटायला पाहिजे."

कुणी हसलं नाही. काकांनी स्वतःच पट्टी काढली आणि मागे वळून पाहिलं.

उस्ताद त्यांच्या गाडीत बसला होता आणि कुठे पाहावं हे त्याला कळत नव्हतं.

काका सावकाश उठले. कानसेन पट्टी कपाळावर सरकवून त्यांच्या मागे गेला. काकांनी उस्तादला उतरवलं, स्वतः आत बसले, दार ओढून घेतलं. गाडी खडखडत होती, आरसा थरथरत होता. काकांनी तो खडखडाट थोडा वेळ ऐकून घेतला. मग टोपीखाली बोट घालून कानामागचं काहीतरी दाबलं.

त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही हात चाकावर ठेवून ते तसेच बसले, आणि काचेतून कानसेनकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "बघ. रेशमासारखं. मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही, काका," कानसेन म्हणाला. तो ओरडून बोलला नव्हता, पण काकांना ओठांवरून कळलं असावं.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा टोपीखाली बोट नेलं, कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं, आणि उस्तादला हाक मारली. "सोमवारी येतो. नोझल बघ, टॅपेट बघ. आणि दंतवैद्याला विचारू नकोस."

मग त्यांनी गियर टाकला आणि त्या सगळ्या गोंगाटासकट गाडी फाटकातून बाहेर काढली. रस्त्यावर मागून एका टेम्पोने हॉर्न दिला. काकांची गाडी किंचित दचकली, मग डावीकडे सरकली, आणि खिडकीतून बाहेर आलेल्या हाताने मोठ्या रुबाबात टेम्पोला पुढे जायची परवानगी दिली.